फोन राहू द्या, खिसा बदला

प्रश्न: माझ्या सासऱ्यांना, आबांना, तीन महिन्यांपूर्वी पेसमेकर बसवला. वय ७१. ठोके फार कमी पडत होते आणि दोनदा चक्कर येऊन पडले होते. आता तब्येत छान आहे. पण घरी आल्याआल्या शेजारच्या काकांनी सांगितलं की मोबाइलच्या लहरींनी पेसमेकर बंद पडतो, त्यांच्या ओळखीत एकाचं असंच झालंय. ह्यांनी त्याच दिवशी आबांचा फोन कपाटात ठेवून दिला. फोन साधाच आहे, पुस्तकासारखं उघडणारं कव्हर आहे त्याला. आबा एसटीत वाहक होते, माणसांत रमणारे. आता दिवसभर गप्प असतात. भजनी मंडळाचे फोन यायचे, तेही थांबले. यंदा पालखी लोणंदला आली की तिथून फलटणपर्यंत तरी चालणार म्हणतात. चालायला डॉक्टरांची हरकत नाही, पण फोन देऊन पाठवायचं की न देता? सासूबाईंच्या कानाच्या मशीनमध्ये फोन आला की गुरगुर ऐकू येते, त्यामुळे घरात भीती आणखी वाढली. उलट नणंदेच्या बारा वर्षांच्या मुलाला डायबेटिस आहे, दंडावर सेन्सर आहे, त्याला डॉक्टरांनी फोन सतत जवळ ठेवायला सांगितलंय. एकाच घरात एकाला फोन विष आणि दुसऱ्याला औषध, हे कसं काय? बाकी आबांची पाठदुखी काकांनी दिलेल्या चुंबकाच्या गादीमुळे बरी आहे.
— एक सून, फलटण तालुका

ताई,

पत्राचं शेवटचं वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात. मी उत्तर तिथूनच सुरू करतो. ती चुंबकाची गादी आजच आबांच्या अंथरुणातून काढा. उद्या नको, आज. काकांना परत द्या, माळ्यावर टाका, काय करायचं ते करा, पण आबा त्यावर झोपायला नकोत. पाठीसाठी डॉक्टरांना विचारून दुसरा उपाय करता येईल. फक्त शेकण्याचं मशीन किंवा विजेच्या झिणझिण्या देणारं मशीन परस्पर लावू नका. फिजिओथेरपीवाल्यांकडे गेलात तर पेसमेकर असल्याचं दारातच सांगा, कारण त्यांच्याकडची काही यंत्रं पेसमेकर असलेल्याला लावायचीच नसतात.

तुमच्या घरात गंमत अशी झाली आहे की ज्या वस्तूला सगळे घाबरले ती कपाटात गेली, आणि जिला घाबरायला हवं होतं ती रोज रात्री पाठीखाली राहिली. दोन्हींचा सल्ला एकाच माणसाचा! काकांचा हेतू वाईट नसणार. या गाद्या, पट्टे आणि कडी गावोगावी ओळखीओळखीतून विकल्या जातात. विकणारा स्वतःही त्या वापरत असतो आणि पेसमेकरचं त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

आता चुंबकाचं नेमकं काय होतं ते सांगतो, कारण तेवढं समजलं की फोनची निम्मी भीती आपोआप जाईल.

आबांच्या छातीतलं यंत्र सतत ठोके पाडत नसतं. ते हृदयाचं ऐकत असतं. हृदयाचा ठोका वेळेवर पडला तर गप्प बसतं, नाही पडला तर आपला एक ठोका देतं. त्यात चुंबक ओळखणारा एक छोटा भाग मुद्दाम ठेवलेला असतो, तो डॉक्टरांच्या सोयीसाठी. ऑपरेशनच्या वेळी किंवा तपासणीत डॉक्टर छातीवर चुंबक ठेवतात, मग यंत्र ऐकणं थांबवतं आणि ठरलेल्या एका गतीने ठोके देत राहतं. ही गती कंपनीनुसार वेगळी असते, बॅटरी चांगली असताना बहुधा मिनिटाला ८५ ते १०० च्या आसपास. चुंबक उचललं की यंत्र पुन्हा आपल्या मूळ कामाला लागतं. म्हणजे चुंबकाने पेसमेकर ‘बंद’ पडत नाही, तो ऐकायचा थांबतो. माणसाला धडधड जाणवू शकते, अस्वस्थ वाटू शकतं. पण डॉक्टरांनी ती सोय दवाखान्यातल्या काही मिनिटांसाठी ठेवली आहे, रात्ररात्र अंथरुणात चालू राहायला नव्हे. उताणं झोपलं तर गादी आणि यंत्र यांच्यात छातीची जाडी असते, हे खरं. पण रात्रभर उताणं कोण झोपतं? कुशीवर वळलं, पालथं झालं की चुंबक थेट यंत्राशी. म्हणून पेसमेकरच्या माहितीपुस्तिकांमध्ये चुंबकी गाद्या आणि उशा वापरू नका असं सांगितलेलं असतं.

आता फोनकडे येऊ. फोनचे त्रास दोन प्रकारचे, आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. एक लहरींचा आणि दुसरा चुंबकाचा.

लहरींची भीती अगदीच हवेतली नाही. भारतात पहिला मोबाइल कॉल झाला ३१ जुलै १९९५ रोजी. जगात फोन पसरू लागले तेव्हाच डॉक्टरांना हा प्रश्न पडला होता: फोनच्या लहरी आत शिरल्या तर पेसमेकर त्यांनाच हृदयाचे ठोके समजेल का? तसं झालं तर तो गप्प बसेल आणि ज्याचं हृदय पेसमेकरवरच अवलंबून आहे त्याला चक्कर येईल. १९९७ साली अमेरिकेत या विषयावरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ९८० रुग्णांवर साडेपाच हजारांहून जास्त चाचण्या केल्या होत्या. फोन मुद्दाम छातीवर, यंत्राच्या अगदी वर धरला तेव्हा काहींमध्ये अडथळा दिसला. पण फोन नेहमीसारखा कानाला धरला तेव्हा धोक्याचा म्हणावा असा अडथळा एकातही दिसला नाही. आणि ही गोष्ट तेव्हाच्या फोनची आणि तेव्हाच्या पेसमेकरची. त्यानंतर पेसमेकरमध्ये या लहरी गाळून टाकणारी रचना नेहमीचीच झाली. ‘फोनमुळे पेसमेकर बंद पडतो’ ही बातमी मात्र तेव्हापासून फिरते आहे ती फिरतेच आहे. काकांच्या ओळखीतला तो ‘एकजण’ही असाच. प्रत्येक गावात तो असतो, आणि नाव विचारलं की कुणालाच सांगता येत नाही.

गावातल्या टॉवरचंही तेच. टॉवरखालून जाताना, घरावरून टॉवर दिसत असताना आबांना काही होणार नाही. टॉवरच्या शिडीवर चढून अँटेनाला मिठी मारायची नाही, एवढंच पथ्य.

राहिला चुंबक. हा त्रास नवा आहे आणि त्याची दखल घ्यायला हवी. २०२० मध्ये आलेल्या आयफोन १२ पासून बहुतेक आयफोनच्या पाठीत चुंबकांचं एक कडंच बसवलेलं असतं, चार्जर चिकटावा म्हणून. जानेवारी २०२१ मध्ये डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयातल्या डॉक्टरांनी कळवलं की हा फोन रुग्णाच्या छातीजवळ नेताच आतल्या आयसीडीचं, म्हणजे गरज पडली तर हृदयाला शॉक देणाऱ्या यंत्राचं, शॉक देण्याचं काम थांबलं, आणि फोन तिथे होता तोवर थांबलेलंच राहिलं. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांवर आणि वैद्यकीय यंत्रांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, स्वतः तपासून सांगितलं की धोका कमी आहे, पण असे फोन आणि घड्याळं यंत्रापासून सहा इंच लांब ठेवा. अ‍ॅपलही हेच सांगते: १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर, आणि फोन वायरलेस चार्जरवर असेल तर ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त. अलीकडे काही अँड्रॉइड फोनमध्येही असे चुंबक येऊ लागले आहेत.

आबांचा फोन साधा आहे म्हणता, पण कव्हर पुस्तकासारखं आहे. ते कव्हर मिटताना टपकन चिकटतं ना? म्हणजे त्याच्या कडेला चुंबक आहे. फोन चार हजारांचा असो की लाखाचा, कव्हरमधल्या चुंबकाला ते कळत नाही. ते कव्हर काढून टाका आणि साधं रबरी घाला, पन्नास-शंभर रुपयांत मिळतं. फोनच्या पाठीला चिकटणारी पॉवर बँक किंवा अंगठी असेल तर तीही नको.

अंतराचा हिशोब आबांना सेंटिमीटरमध्ये सांगू नका. एक वीत म्हणा. वीत नऊ इंचांच्या आसपास भरते आणि आपल्याला सहा इंच हवेत, म्हणजे थोडी जास्तच काळजी होते. पेसमेकरपासून वीतभर लांब, एवढाच नियम. बहुतेकांना तो डाव्या खांद्याच्या हाडाखाली बसवतात. आबांचाही तिथेच असेल तर फोन उजव्या कानाला. उजवीकडे असेल तर डाव्या कानाला. बोलायला कसलीच बंदी नाही. तासभर भजनी मंडळाशी बोलले तरी चालेल. बिलाची काळजी वेगळी.

खरं पथ्य खिशाचं आहे. आपल्याकडे पुरुषांची फोन ठेवायची जागा ठरलेली, शर्टाचा डावा खिसा. नेमका पेसमेकरच्या दारात! एसटीत आयुष्य गेलेल्या माणसाचा हात तर आपसूक तिकडे जाणार, सुटे पैसे आणि कागद तिथेच ठेवायची सवय असते. सत्तरीत सवय बोलून बदलत नाही. म्हणून सांगण्यापेक्षा सरळ आबांच्या सगळ्या शर्टांचा तो खिसा शिंप्याकडून उसवून घ्या. बंडीला आतून खिसा असेल तर तोही. नेहरू शर्टाचे बाजूचे खिसे चालतील, पँटचा खिसा चालेल, कमरेची पिशवी सगळ्यात चांगली. गळ्यात अडकवायची मोबाइलची पिशवी नको, ती नेमकी छातीवर लोंबते. आणि दुपारी पडल्यापडल्या कीर्तनाचे व्हिडिओ बघता बघता झोप लागते, फोन छातीवर पडून राहतो, हे मी शर्टाच्या खिशापेक्षाही जास्त वेळा ऐकलंय. झोपताना फोन उशाखालीही नको, बाजूच्या स्टुलावर ठेवा.

बायकांना पेसमेकर असेल तर हाच नियम ब्लाउजमध्ये फोन ठेवण्याला लागू. रानात काम करताना तीच जागा सोयीची असते हे मलाही कळतं, पण पर्याय नाही. कमरेला पिशवी बांधा. (तुमच्या घरी हा प्रश्न नाही, पण हे सदर इतरही वाचतात.)

एक गोष्ट मात्र आजच तपासा. रुग्णालयाने आबांना एक कार्ड दिलं असेल. त्यावर यंत्राचा प्रकार लिहिलेला असतो. पेसमेकर लिहिलं असेल तर वर सांगितलं ते पुरे. आयसीडी लिहिलं असेल तर तेच नियम जास्त काटेकोर पाळायचे. घरात दोन्हींना ‘पेसमेकर’च म्हणतात, पण आयसीडी हे गरज पडली तर हृदयाला शॉक देऊन वाचवणारं यंत्र आहे. त्याच्यावर चुंबक आलं की शॉक देण्याची तयारी तेवढ्यापुरती थांबते आणि माणसाला बहुधा काही जाणवतही नाही. पेसमेकरवाल्याला निदान धडधड तरी कळेल. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून, म्हणजे ठोके कमी आणि चक्कर, हा साधा पेसमेकरच वाटतो. तरी कार्ड बघा.

कार्ड बघतच आहात तर आणखी एक बघा. अलीकडचे काही पेसमेकर ब्लूटूथने रुग्णाच्याच फोनमधल्या अ‍ॅपशी जोडतात आणि यंत्राची माहिती रुग्णालयाला परस्पर पोचवतात. डिस्चार्जच्या वेळी कुणी आबांच्या फोनमध्ये असं काही अ‍ॅप टाकून दिलं होतं का, ते ह्यांना विचारा. टाकलं असेल तर फोन कपाटात बंद करून तुम्ही आबांचा डॉक्टरांशी असलेला संपर्कच तोडला आहे. अशा वेळी फोन चार्ज करून, इंटरनेट आणि ब्लूटूथ चालू ठेवून रात्री पलंगाजवळच्या स्टुलावर ठेवायचा असतो. अ‍ॅप नसेल तर हा परिच्छेद सोडून द्या.

आता वारी. फोन देऊन पाठवायचं, यात माझ्या मनात शंकाच नाही. लोणंद, चांदोबाचा लिंब, तरडगाव, फलटण. त्या गर्दीत हृदयाचं यंत्र बसवलेला ७१ वर्षांचा माणूस फोनशिवाय, हे मला फोनच्या चुंबकापेक्षा कितीतरी भयंकर वाटतं. चक्कर आली तर १०८ ला फोन कोण करणार? दिंडीपासून चुकले तर तुम्हाला कुठून कळवणार? एवढ्या गर्दीत रेंज अधूनमधून जाते, आणि रेंज कमी असली की फोन टॉवरपर्यंत पोचायला जास्त जोर लावतो. त्यासाठीही वेगळं काही करायचं नाही, वीतभराचा नियम तिथेही पुरतो. फोन कमरेला, कार्ड फोनच्या कव्हरमध्ये न ठेवता वेगळं, प्लॅस्टिकच्या पाकिटात. पाऊस ठरलेलाच असतो. कार्डाची झेरॉक्स दिंडीतल्या एखाद्या भरवशाच्या माणसाकडे द्या आणि कार्डाचा फोटो तुमच्या स्वतःच्या फोनमध्ये ठेवा.

पंढरपूरपर्यंत गेलेच, आणि मला वाटतं आबा फलटणला थांबणार नाहीत, तर देवळाच्या दारातल्या तपासणीच्या कमानीतून सरळ चालत जायचं, तिला टेकून रेंगाळायचं नाही. पोलिसांच्या हातातलं यंत्र छातीवर फिरवू द्यायचं नाही. कार्ड दाखवून ‘हाताने तपासा’ म्हणायचं. टाळ-मृदंगाची काही अडचण नाही. पेसमेकरच्या बाजूचा हात फार वर न उचलण्याचं पथ्य आतल्या तारा पक्क्या बसेपर्यंत, म्हणजे साधारण पहिले काही आठवडेच असतं, तरी हात पूर्ण वर उचलायला मोकळीक आहे का ते डॉक्टरांकडून एकदा स्पष्ट करून घ्या, नाहीतर रिंगणात आबा काही विचारत बसणार नाहीत. रथाच्या आसपास किंवा मंडपात मोठे स्पीकर असतील तर त्यांना टेकून बसू नये, त्यांच्या आत दांडगे चुंबक असतात. दोन हात लांब बसलं की झालं.

फोन हातात असताना आबांना चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी किंवा एकदम धडधड वाटली तर पहिलं काम फोन लांब करणं. त्याने लगेच बरं वाटलं तरी डॉक्टरांना कळवा. नाही वाटलं तर फोनला दोष देत वेळ घालवू नका, थेट १०८. हे मुद्दाम सांगतोय. घरात एकदा फोनची भीती बसली की छातीत कळ आली तरी माणसं ‘फोनवर बोलत होते म्हणून’ असं म्हणून बसून राहतात. तसंच, पेसमेकरच्या जागी लाली, सूज, पू किंवा ताप असेल तर त्याचा फोनशी काही संबंध नाही, पण तो दाखवायला एक दिवसही थांबू नये.

नणंदेच्या मुलाकडे वळतो. तुम्ही विचारलंत, एकाला विष आणि दुसऱ्याला औषध कसं. आबांच्या यंत्राला बहुधा फोनची गरज नाही, म्हणून तो फक्त लांब ठेवायचा. पोराच्या दंडावरचा सेन्सर मात्र साखर मोजतो आणि ती सांगायला फोन वापरतो. फोन हाच त्याचा आवाज. म्हणून त्याच्या बाबतीत प्रश्न उलटा आहे. फोन गप्प राहिला तर?

आणि फोन गप्प राहतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये एफडीएने डायबेटिसच्या यंत्रांबद्दल याच गोष्टीचा इशारा दिला: फोनच्या सेटिंगमुळे साखर कमी झाल्याचा अलार्म वाजलाच नाही किंवा ऐकूच आला नाही, असे प्रकार घडत आहेत. कारणं अगदी रोजची. पोराने कानात ब्लूटूथचे इअरबड घातले, काढून दप्तरात टाकले, ते फोनला जोडलेलेच राहिले आणि अलार्म दप्तरात वाजला. रात्री ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावलं. फोनने रात्रीतून स्वतःला अपडेट करून घेतलं आणि सकाळी अ‍ॅपच्या परवानग्या बदललेल्या. अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारी अ‍ॅप झोपवतात, त्यात हे अ‍ॅपही झोपलं. किंवा घरातल्या कुणीतरी ‘फोन हळू चालतो’ म्हणून सगळी अ‍ॅप बोटाने सरकवून बंद केली. ही शेवटची सवय आपल्याकडे फार आहे. शहाणी माणसंही करतात.

नणंदेला सांगा, फोन हातात घेऊन एकदा शांतपणे बसा. त्या अ‍ॅपला बॅटरी बचतीतून वगळा. सूचनांची आणि ब्लूटूथची परवानगी तपासा. ‘डू नॉट डिस्टर्ब’ असतानाही या अ‍ॅपचा आवाज यायला हवा, तशी सोय सेटिंगमध्ये असते. अपडेट आपोआप होणं बंद ठेवा आणि आधी अ‍ॅप त्या अपडेटला चालतंय का ते बघून, दिवसाढवळ्या, स्वतः करा. नवीन इअरबड, नवीन घड्याळ किंवा गाडीचं ब्लूटूथ जोडलं की प्रत्येक वेळी अलार्म कुठून वाजतो ते पुन्हा तपासा. फोन एका खोलीत आणि पोरगं दुसऱ्या खोलीत, मध्ये भिंती, असं झालं की संपर्क तुटतो. झोपताना फोन त्याच खोलीत हवा. आणि रात्री दोनला अलार्म ऐकून उठणारा मोठा माणूस घरात कोण, हे ठरलेलं हवं. बारा वर्षांचं पोर अलार्मने उठत नाही.

याच मुलाबद्दल एक जास्तीची गोष्ट. सेन्सर असलेल्या दंडावर दाबून झोपलं तर साखर कमी नसतानाही कमी दाखवली जाऊ शकते. म्हणून आकडा आणि पोराची अवस्था जुळत नसेल तर बोट टोचून ग्लुकोमीटरवर बघावं. पण तो घामाघूम असेल, थरथरत असेल, विचित्र बोलत असेल तर आकड्याची वाट न बघता आधी साखर द्या, मग मोजा. शाळेत मोबाइलला बंदी असते, त्यासाठी डॉक्टरांचं पत्र आत्ताच घेऊन मुख्याध्यापकांना भेटा. सहामाही परीक्षेच्या सकाळी फाटकावर हुज्जत घालण्यापेक्षा ते बरं.

त्याचा फोन आबांसाठी वेगळा काही नाही, एवढंही सांगून ठेवतो. तो आजोबांच्या शेजारी बसून सेन्सर तपासू शकतो. मांडीवर डोकं ठेवून छातीवर फोन टेकवला नाही म्हणजे झालं.

सासूबाईंच्या कानातली गुरगुर निरुपद्रवी आहे. तिचा हृदयाशी संबंध नाही आणि कानालाही त्याने इजा होत नाही. जुन्या टूजी पद्धतीचा फोन सलग बोलत नाही, सेकंदाला सुमारे २१७ वेळा तुकड्यातुकड्याने लहरी सोडतो. कानाचं मशीन ते पकडतं आणि तीच गुरगुर ऐकू येते. त्यांचा फोन जुना बटणांचा असेल तर फोरजीवर बोलता येणारा बटणांचाच फोन मिळतो, तो घेऊन बघा, त्रास बराच कमी होईल. फोन कानाच्या भोकाला न लावता मशीनचा माइक जिथे आहे तिथे, म्हणजे कानामागचं मशीन असेल तर थोडा वर, किंचित अंतरावर धरायला शिकवा. मशीनमध्ये ‘टी’ची, म्हणजे फोनचा आवाज माइकऐवजी थेट मशीनमध्ये घेणाऱ्या टेलिकॉइलची, सोय असेल तर ती चालू करून घ्या. नाहीतर सरळ स्पीकरवर बोलू द्यात, घरात सगळ्यांना सगळं ऐकू येईल हा तोटा सोडला तर उपाय चांगला आहे. मशीनच्या बटणासारख्या बॅटऱ्या मात्र लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. एखादी गिळली तर अन्ननलिका भाजू शकते, आणि ते प्रकरण गंभीर असतं.

स्वयंपाकघरात इंडक्शनची शेगडी असेल तर आबांनी तिच्यावर वाकून चहा करू नये, दोन फूट अंतर ठेवावं. गॅसला काही नियम नाही. मिक्सर, टीव्ही, रिमोट, फ्रिज, सगळं वापरू द्या.

आता आबांना हे सांगायचं कुणी? फोन ह्यांनी काढून घेतला, तर परतही ह्यांनीच द्यावा. समजूत घालत बसू नये. नवं कव्हर घालून, चार्ज करून, भजनी मंडळाचा नंबर वर आणून हातात द्यावा आणि खिसे उसवायला आबांनाच शिंप्याकडे पाठवावं. स्वतः गेले की लक्षात राहील. काकांशी वाद घालायची गरज नाही, गादी परत करताना कार्ड तेवढं दाखवा.

तीन महिने झालेत म्हणजे पेसमेकरची तपासणी जवळ आली असेल किंवा राहून गेली असेल. जाताना आबांचा फोन, जुनं कव्हर, चार्जर, असेल ती पॉवर बँक, सगळं एका पिशवीत घालून न्या. घरी फोन छातीला लावून ‘काय होतंय बघू’ असा प्रयोग कुणी करू नये, व्हिडिओ बघून मुलं करतात. तपासणीच्या टेबलावर ईसीजी चालू असताना टेक्निशियनला म्हणा, आमच्या या वस्तू जवळ आणून दाखवा. आबांना स्वतःच्या डोळ्यांनी पडद्यावर बघू द्या. त्या वेळी ह्यांनाही खोलीत बोलवा.